सारजाबाई, सॅलॅमँडर आणि डसणारा शंख

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक कॉलेज आहे. नाव सांगत नाही. तिथले निम्मे विद्वान अजून पेन्शन घेतात आणि उरलेले निम्मे माझे नातेवाईक आहेत. मी तिथे ग्रंथपाल होतो. पुस्तकं सुरक्षित राहावीत, म्हणजे कुणी वाचायला नेऊ नयेत, यावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे होतं, आणि प्राध्यापक मंडळींच्या सहकार्यामुळे ते मला कधीच जड गेलं नाही.

या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कन्हेरीच्या सारजाबाई कोकरे परिचर होत्या. त्यांचे मालक दादासो हे आधी त्या जागेवर होते. शहाऐंशी साली ते काविळीनं गेले, आणि अनुकंपा तत्त्वावर सारजाबाईंना ती नोकरी मिळाली. पदरात अकरा वर्षांची सुकन्या. शिक्षण चौथी, तेही पावसाळ्यापुरतं. कारण दिवाळी झाली की वडिलांची दोनशे मेंढरं, घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड आणि त्यामागून चालणारी सारजा असं सगळं वरंध घाट उतरून कोकणात जायचं. तिकडे शेतकऱ्यांच्या खाचरांत रात्रीची मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात भात घ्यायचं, आणि शिमग्याच्या आगेमागे परत देशावर यायचं. लग्न होईपर्यंत सारजाबाईंनी हेच केलं. शाळेतले गुरुजी दर वर्षी त्यांचं नाव पटावरून काढत आणि दर वर्षी पुन्हा घालत. गुरुजींचं अक्षर त्यामुळे सुधारलं असेल.

प्रयोगशाळेत दोनशे चौदा नमुने होते. बाटल्या, ट्रे, सांगाडे, पेंढा भरलेली एक घार. सारजाबाईंना इंग्रजी येत नव्हतं. पण दोनशे मेंढरांतली प्रत्येक मेंढी तोंडावरून ओळखणाऱ्या बाईला दोनशे चौदा चिठ्ठ्या ओळखायला एक महिना लागला. बेडकाच्या पोटातलं काय कुठं असतं, ते त्यांना पहिल्याच सहामाहीत पाठ झालं. पोरांना सर शिकवायचे, आणि सर गेल्यावर पोरं सारजाबाईंना विचारायची.

सर म्हणजे विभागप्रमुख प्राध्यापक मानसिंग रणनवरे. इंदापूर तालुक्यातल्या कळंबचे. माणूस वाईट नव्हता. सतरा वर्षं एकाच वहीतून शिकवत होते, आणि त्या वहीची पानं पिवळी पडली तशी त्यांची तिच्यावरची माया वाढत गेली होती. कॉलेजातून घरी, घरून रानात ऊस बघायला, आणि रानातून पुन्हा कॉलेजात. असं सुखाचं चाललेलं असताना त्र्याण्णव साली एक परिपत्रक आलं. वरिष्ठ श्रेणी हवी असेल तर स्वतःचा शोधनिबंध प्रसिद्ध झालेला असला पाहिजे.

स्टाफरूममध्ये त्या दिवशी चहा कुणाला गोड लागला नाही.

आठवडाभरात सगळे संशोधक झाले. प्राणिशास्त्रात पाच प्राध्यापक. बाहेर हिंडून संशोधन करावं, तर ऊन. म्हणून पाचही जण नमुन्यांच्या कपाटांवर तुटून पडले. बेडूक एकानं घेतला, वटवाघूळ दुसऱ्यानं, नाग आणि धामण तिसऱ्यानं जोडीनं. रोहू माशावरून दोघांत बोलणं बंद झालं. रणनवरे सर विभागप्रमुख असल्यामुळे सगळ्यात शेवटी आले, तेव्हा कपाट क्रमांक तीनमध्ये कुणाला नको असलेल्या दोनच गोष्टी उरल्या होत्या.

एक होती त्रेचाळीस नंबरची बाटली. तिच्यात सॅलॅमँडर. हा दिसायला पालीसारखा, पण जातकुळी बेडकाची. ओल्या कातडीचा, काळा, अंगावर पिवळे ठिपके. फॉर्मॅलिनमध्ये राहून त्याचे ठिपके आता पांढुरके झाले होते. हा प्राणी युरोपातला. पुण्याच्या एका पुरवठादाराकडून एसटीच्या पार्सलनं बारामतीला आलेला.

दुसरी गोष्ट म्हणजे एका ट्रेमध्ये कापसावर ठेवलेला शंख. तपकिरी जाळीची नक्षी असलेला, शंकूच्या आकाराचा. चिठ्ठीवर ‘कोनस’ एवढंच. ही समुद्रातली गोगलगाय. म्हणजे गोगलगाय कधीच गेलेली, तिचं घर उरलेलं.

सरांनी दोन्हीकडे बराच वेळ पाहिलं आणि विषय ठरवला : ‘सॅलॅमँडर व कोनस यांच्या प्रत्येकी एका जातीचा तौलनिक अभ्यास’.

मोजमापं घ्यायचं काम अर्थातच सारजाबाईंकडे आलं. सर खुर्चीत बसून लिहून घ्यायचे, सारजाबाई पट्टी लावायच्या. मी तेव्हा तिथे परत न आलेल्या एका पुस्तकाच्या वसुलीला गेलो होतो, म्हणून हे माझ्या समोरच घडलं.

“सॅलॅमँडर, नाकापासून शेपटीपर्यंत?”

“एकोणीस सेंटीमीटर.”

“कोनस?”

सारजाबाईंनी शंखाला पट्टी लावली. “आठ. पर सर, एक विचारू?”

“विचारा.”

“एकाचं अंग मोजलं अन् दुसऱ्याचं घर मोजलं. ह्यात बराबरी कशाची करायची?”

“सारजाबाई, संशोधनात जी सामग्री उपलब्ध असेल तिच्यावर काम करावं लागतं.”

“म्हंजी नवरदेव गावाला गेलाय, तवर त्याच्या सदऱ्यासंगं लगीन लावून टाका.”

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकाची वसुली तेवढ्यावरच सोडून दिली.

खरी गंमत पुढे झाली. सर बाटली उजेडाकडे धरून पाहत होते, आणि एकदम ताठ बसले. सॅलॅमँडरचा मागचा डावा पाय आखूड होता. बाकी पायांपेक्षा बारीक, आणि बोटंही एक कमी.

“हे कुणाच्या लक्षात आलं नाही आजवर!” सर म्हणाले.

“आलंय की,” सारजाबाई म्हणाल्या. “मी कामाला लागले त्या आठवड्यातच बघितलं. त्यो पाय मागाहून उगवलाय, सर. पालीचं तुटलेलं शेपूट पुन्हा येतंय न्हवं, तसा. बाकी तीन पायांवर ठिपकं हायेत, ह्याच्यावर एक बी न्हाय. नव्यानं आलेल्या अंगाला जुनी खूण नसती.”

“पाय उगवतो का कुठं?”

“आपला न्हाय उगवत. त्याचा उगवत असंल.”

“तुम्ही फडकं मारा,” सर म्हणाले. “विज्ञान आमच्यावर सोडा.”

विज्ञान त्यांच्यावर सोडल्याचा परिणाम तीन महिन्यांनी दिसला. कॉलेजच्याच वार्षिक संशोधन अंकात निबंध आला. अंकाचे संपादक रणनवरे सर, निबंध तपासणारे रणनवरे सर. अंकाची प्रत ग्रंथालयात आली, म्हणून तो वाचणारा बहुधा मी एकटाच. मध्ये एक मोठा तक्ता होता. सॅलॅमँडरला पाय चार, कोनसला शून्य. सॅलॅमँडरला कवच नाही, कोनसला आहे. सॅलॅमँडर मऊ, कोनस कठीण. स्वभाव : सॅलॅमँडर शांत, कोनस शांत व निरुपद्रवी. शेवटी निष्कर्ष दिला होता की दोन्ही प्राण्यांत लक्षणीय फरक असून अधिक संशोधनाची गरज आहे.

आणि आखूड पायाच्या आधारावर सरांनी एक नवी उपजात जाहीर केली होती. तिला त्यांनी नाव दिलं होतं ‘बारामतीएन्सिस’.

पुढचे दोन महिने आम्ही सगळे फार मोठे झालो. तालुक्याच्या एका साप्ताहिकात बातमी आली, ‘बारामतीत दुर्मीळ प्राणी’. तो एसटीच्या पार्सलनं आला होता, हे बातमीत राहून गेलं. संस्थेनं सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, आणि ‘मातीशी नाळ जोडलेला शास्त्रज्ञ’ असं मानपत्र. अध्यक्षांनी भाषणात सॅलॅमँडरचा उल्लेख तीनदा ‘सिलिंडर’ असा केला, आणि तिन्ही वेळा टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून लोक प्राणी बघायला येऊ लागले. कोऱ्हाळे बुद्रुकहून एक तात्या डालड्याच्या डब्यात घरातली पाल घेऊन आले. “असलाच आमच्याकडं बी हाय,” म्हणाले, “सत्कार कवा हाय?”

सारजाबाई रोज सकाळी बाटली पुसून ठेवायच्या. सरांना वरिष्ठ श्रेणी मिळाली, त्या दिवशी पेढे वाटायचं कामही त्यांनीच केलं.

मला मात्र राहवेना. ग्रंथालयात समुद्री प्राण्यांवरचा एक जाड इंग्रजी ग्रंथ होता. आमच्याकडे आल्यापासून तो कुणी नेलाच नव्हता. कार्ड कोरं करकरीत. मी तो उघडला. कोनसबद्दल दीड पान होतं. या गोगलगाईला पोकळ, भाल्यासारखा दात असतो. सोंडेतून ती तो भक्ष्यात मारते. तिच्या विषानं माणसंही मेलेली आहेत. मी पान उघडून सरांपुढे धरलं.

सरांनी शांतपणे वाचलं. “हे परदेशातलं आहे,” म्हणाले. “आपल्याकडचा निरुपद्रवी आहे.”

मी ग्रंथ परत फळीवर ठेवला. माझ्या धैर्याची लांबी तेवढीच. ती मोजायला सारजाबाईंची पट्टीही लागली नसती.

पण जाता जाता सारजाबाईंना मी ते दीड पान मराठीत सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हंजी ती म्हातारी खरं बोलली व्हती.”

“कोण म्हातारी?”

सारजाबाई आठ-नऊ वर्षांच्या असताना मेंढरं दापोलीच्या बाजूला होती. एक दिवस बापाबरोबर त्या समुद्र बघायला गेल्या. ओहोटी होती. खडकातल्या पाण्यात नक्षीचा एक शंख दिसला, म्हणून त्या वाकल्या, तर एका म्हाताऱ्या कोळणीनं मागून हातावर फटका मारला. “हात लावू नको गो बाय, तो डसतो!” शंख डसतो हे ऐकून बाप हसला होता. सारजाबाईंना पुढं कित्येक दिवस त्या शंखाची भीती वाटली होती आणि तो पुन्हा बघावासाही वाटला होता.

हे सगळं त्यांनी घरी सुकन्येलाही सांगितलं. सुकन्या तेव्हा आमच्याच कॉलेजात, प्राणिशास्त्र घेऊन शिकत होती. मुलगी हुशार, आईसारखीच बारीक नजरेची, फक्त तोंडानं जरा अधिक स्पष्ट. त्या वयात हा दोष असतो.

शहाण्णवच्या एप्रिलात तिची शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा झाली. टेबलावर ओळीनं नमुने मांडलेले. विद्यार्थ्यानं ओळखायचे आणि माहिती सांगायची. परीक्षक दोन : कॉलेजचे रणनवरे सर, आणि दुसऱ्या तालुक्यातून आलेले एक बाहेरचे सर. ते गोरेपान, घामेजलेले, आणि परतीच्या गाडीकडे डोळे लागलेले. सरांनी आपलं संशोधन मुद्दाम मांडलं होतं. सारजाबाईंनी स्वतःच्या हातानं ती बाटली आणि तो ट्रे टेबलावर ठेवला आणि दाराशी उभ्या राहिल्या. परिचरानं उभंच राहायचं असतं.

सुकन्या बाटलीपाशी आली. “सॅलॅमँडर,” ती म्हणाली. “मागचा डावा पाय तुटून पुन्हा उगवलेला आहे.”

“पुन्हा उगवलेला?” रणनवरे सर म्हणाले. “वर्गात मी काय सांगितलं?”

“उपजात सांगितलीत, सर. पण एकाच नमुन्यावरून उपजात कशी ठरवायची? आणि त्या पायावर ठिपके नाहीत.”

बाहेरचे सर बाटलीकडे वाकले. पाहिलं. त्यांना कळलं, हे त्यांच्या भुवयांवरून सगळ्यांना कळलं. मग त्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, “पुढचा नमुना सांग.”

“कोनस. शिकारी आणि विषारी आहे. दात भाल्यासारखा असतो.”

“शंखाला दात?” रणनवरे सर हसले. “कुणी सांगितलं तुला?”

सुकन्येनं दाराकडे पाहिलं. “आईनं,” ती म्हणाली.

प्रयोगशाळेत दोन-तीन पोरं हसली. सारजाबाईंनी नजर खाली घातली.

परीक्षकांत थोडी कुजबुज झाली. बाहेरच्या सरांना दुपारचं जेवण रणनवरे सरांच्या रानातल्या घरी होतं, आणि जेवणात काय होतं ते साऱ्या कॉलेजला ठाऊक होतं. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. त्या दोन नमुन्यांना मिळून पाच गुण होते. सुकन्येला अडीच दिले. सत्याला निम्मं द्यावं आणि निम्मं मटणाला ठेवावं, हा न्याय मला अगदीच अवाजवी वाटला नाही. काही ठिकाणी सत्याला भोपळा मिळतो.

सुकन्या पहिल्या वर्गात पास झाली. अडीच गुणांनी तिचं काही बिघडलं नाही. पण परीक्षा झाली त्या संध्याकाळी कन्हेरीत, भाकरी थापणाऱ्या आईजवळ बसून तिनं विचारलं, “आई, तू खरंच बघितलेलं का गं? का कुणी आपलं सांगितलं, अन् तू मला सांगितलंस?”

हे सारजाबाईंनी मला पुढं कधीतरी सांगितलं. म्हणाल्या, “सर हसले त्याचं काय न्हाय. ते सगळ्यांनाच हसत्यात. पर पोरीनं विचारलं, अन् मला सांगता येईना. मी शंख बघितलेला, डसताना कुठं बघितलेला? म्हातारीच्या फटक्यावर मी पोरीला परीक्षेत हुबी केली.”

त्याच सालच्या डिसेंबरात सारजाबाईंनी आठ दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. कारण लिहिलं, ‘शंख बघण्यास’. अर्ज परत आला. कारण पुरेसं नाही असा शेरा. मग त्यांनी माझ्याकडून दुसरा अर्ज लिहून घेतला, ‘पोटात दुखते’. तो लगेच मंजूर झाला. प्रयोगशाळेतून त्यांनी एक लांब चिमटा, एक रुंद तोंडाची बाटली आणि थोडं फॉर्मॅलिन घेतलं, रजिस्टरात तशी नोंद केली, परत करण्याच्या बोलीवर सही केली, आणि महाडची एसटी धरली.

त्यांचा धाकटा भाऊ म्हस्कू अजून मेंढरं राखून होता. त्या वर्षी त्याचा तळ दापोलीकडेच पडला होता. नोकरीवाली बहीण पिशवी घेऊन खाचरातून चालत येताना बघून तो चकित झाला.

“तायडे, आज हिकडं कुठं?”

“एक शंख बघायचाय. इखारी.”

“का गं? कॉलेजात इखाराची टंचाई पडली का काय?”

पण दुसऱ्या दिवशी मेंढरं बायकोवर सोपवून तो बहिणीबरोबर समुद्रावर गेला. सारजाबाई कोळीवाड्यात घरोघर विचारत हिंडल्या. तिसऱ्या घरी एक बाई ओट्यावर मासळी निवडत होती. जुनी म्हातारी केव्हाच गेली असणार, पण शंख तिलाही माहीत होता. “जाळ्यात येतो कधी कधी. आम्ही पायानं लोटतो त्याला.” तीन दिवस सारजाबाई तिच्या ओट्यावर येऊन बसल्या, मासळी निवडायला लागल्या, आणि चौथ्या दिवशी जाळ्यात एक आला.

बादलीत समुद्राचं पाणी आणि वाळू घेतली. चिमट्यानं शंख आत सोडला. खडकावरच्या दोन-तीन साध्या गोगलगाई सोबत टाकल्या. मग सारजाबाई, म्हस्कू आणि ती कोळीण बादलीभोवती बसले. सकाळ गेली. काही झालं नाही. म्हस्कू म्हणाला, “हा तुझ्या सायबावानीच दिसतोय. बसलाय नुसता.”

दुपार कलताना शंख हलला. तोंडातून आधी एक नळी वर आली आणि पाण्याचा वास घेतल्यासारखी इकडेतिकडे फिरली. मग खालून दुसरी, लालसर, लांबत लांबत गेलेली सोंड. ती सावकाश शेजारच्या गोगलगाईपाशी पोचली, क्षणभर थांबली आणि टोचली. सावकाशपणा तिथेच संपला. त्या गोगलगाईनं एकदा अंग बाहेर टाकलं, आक्रसलं, आणि मग ती ढिली पडली. थोड्या वेळानं शंखानं तिला तिच्या घरातून ओढून खाल्लं.

“आयला,” म्हस्कू म्हणाला आणि बादलीपासून हातभर मागं सरकला.

सारजाबाई हलल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असं पुढं म्हस्कूनं सांगितलं. सारजाबाईंचं म्हणणं असं, की वारा खारा होता.

त्यांनी तो शंख, आतल्या गोगलगाईसकट, बाटलीत घालून आणला. रजेवरून आल्या त्या दिवशी पहिल्यांदा सुकन्येला दाखवला. प्रयोगशाळेच्या टेबलापाशी दोघी मायलेकी बसल्या, भिंग घेतलं, आणि सुकन्येनं चिमट्यानं अलगद तो दात काढून काचपट्टीवर ठेवला. सुईएवढा, पोकळ, टोकाला आकडा. तीही पाणी भरल्या डोळ्यांनी हसत सुटली. “आई, हा त्या अडीच मार्कांचा दात.”

“ठिव जपून,” सारजाबाई म्हणाल्या. “अन् आता फरक सांग बघू. सरांनी पंधरा लिवलेत, तू एकच सांग.”

सुकन्या बोटांवर मोजू लागली. आईनंच सांगितलं, “ह्यो बाटलीतला पाल्या इख कातड्यात बाळगतो. कुणी तोंड लावलं तर त्याला कडू लागावं, एवढंच. आपण हून कुणाच्या वाटंला जात न्हाय. त्यो शंख घरात बसून दुसऱ्याच्या घरावर नेम धरतो. दोघं बी इखारीच. पर एकाचं राखणीला अन् दुसऱ्याचं खायाला.”

सॅलॅमँडरच्या कातडीत विष असतं, हे त्यांना कुणी सांगितलं, विचारता? मीच. त्या ग्रंथाच्या शेजारी बेडूकवर्गाचा दुसरा ग्रंथ होता. त्याचंही कार्ड कोरंच होतं. त्यातच तुटलेला पाय पुन्हा उगवण्याचंही सचित्र वर्णन निघालं.

रणनवरे सरांनी बाटली पाहिली, काचपट्टी पाहिली, दोन्ही ग्रंथांतली पानं पाहिली. दोन दिवस ते गप्प होते. मला वाटलं, माणूस खजील झाला. नंतर कळलं, ते लिहीत होते. पुढच्या अंकात त्यांचा दुसरा निबंध आला. ‘लेखकाच्या प्रदीर्घ निरीक्षणातून’ असं निष्पन्न झालं होतं, की पूर्वी नोंदवलेला आखूड पाय हा पुन्हा उगवलेला अवयव आहे, आणि कोनस हा अत्यंत विषारी शिकारी प्राणी आहे. एक चूक करून त्यांना श्रेणी मिळाली होती. ती दुरुस्त करून आता पुरस्कार मिळाला. शेवटी आभार होते : अध्यक्षांचे, प्राचार्यांचे, छापखान्याचे, आणि ‘काचसामान स्वच्छ ठेवल्याबद्दल सेवकवर्गाचे’.

मी तो अंक घेऊन तणतणत प्रयोगशाळेत गेलो. सारजाबाई ट्रे वाळत घालत होत्या.

“तुमचं नावसुद्धा नाही,” मी म्हणालो.

“मग माजं नाव घालून काय दात वाढणार हायेत का त्याचं?” त्या म्हणाल्या. “खरं छापलं न्हवं? मग झालं.” पुढचा ट्रे उचलत म्हणाल्या, “अन् पोरीला कळलं, मी खोटं बोलले न्हवते.”

वर्षभर घरी थांबलेली सुकन्या पुढच्या जूनात पुण्याला एमएस्सी करायला गेली. सर विभागप्रमुखपद ठेवूनच प्रभारी प्राचार्य झाले. प्राचार्यांना वेळ नसतो, त्यामुळे ते प्रात्यक्षिकाला येईनासे झाले. आणि ज्यांना वेळ होता ते बाकीचे चौघे नव्या निबंधांत गुंतले. मग त्या तासांना पोरं कुणाकडे जाणार? सारजाबाई साडीचा पदर खोचून टेबलापाशी उभ्या राहायच्या आणि दाखवायच्या. वेळापत्रकात नाव सरांचं, हजेरीपटावर सही सरांची, पगार परिचराचा. बाकी सगळं नियमाप्रमाणे.

नव्व्याण्णव साली तपासणी समिती आली. तिघे होते. प्राचार्यांनी त्यांना प्रयोगशाळा दाखवली. सारजाबाई पाण्याचे पेले घेऊन दाराशी उभ्या. समितीतल्या एका बाईंनी विषारी कोनसचा नमुना पाहिला आणि कौतुकानं म्हणाल्या, “याचा दात दाखवता येईल का? मी फक्त चित्रात पाहिलाय.”

सरांनी चिमटा हातात घेतला. सोंड कुठली आणि दात कुठे, हे त्यांना शोधता येईना. त्यांनी कोट सारखा केला आणि मग हळूच म्हणाले, “सारजाबाई, जरा उजेड धरता का?”

सारजाबाईंनी पेले खाली ठेवले, चिमटा घेतला, आतल्या पिशवीत असे बरेच दात असतात त्यांतला आणखी एक काढून काचपट्टीवर ठेवला, भिंग नीट बसवलं, बाईंना तो कसा मारला जातो ते चार वाक्यांत सांगितलं, हात पुसले, आणि पेले उचलून सगळ्यांना पाणी दिलं. समितीतल्या बाई त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. काही बोलल्या नाहीत. समितीत बोलायची पद्धत नसते.

अहवाल महिन्याभरानं आला. त्यात लिहिलं होतं, ‘विभागप्रमुखांनी सादर केलेले प्रात्यक्षिक उत्कृष्ट’. मी तो सारजाबाईंना वाचून दाखवला.

“उत्कृष्ट म्हंजी किती मार्क?” त्यांनी विचारलं.

“पैकीच्या पैकी.”

“मग बरं झालं,” त्या म्हणाल्या. “लई कच्चं व्हतं सर. आता जरा सुधरायला लागलेत.”

आणि दुपारच्या तासाला अकरावीची पोरं यायची होती, म्हणून त्या बेडकांचे ट्रे मांडायला आत गेल्या.